विश्लेषण : अमेरिकेतील स्वस्त इंडेक्स फंड युरोपात का मिळत नाहीत? युरोपीय गुंतवणूकदारांचा पर्यायी मार्ग कोणता?

जगभरातील हजारो कंपन्यांचे समभाग एकाच फंडातून घ्यायचे आणि त्यासाठी वर्षाला शंभर रुपयांमागे अवघे सहा पैसे खर्च मोजायचा, ही सोय अमेरिकेतील सामान्य गुंतवणूकदाराला आज उपलब्ध आहे. म्युनिक, आइंडहोव्हन किंवा डब्लिनमध्ये राहणाऱ्याने हाच फंड ब्रोकरच्या अ‍ॅपवर शोधला, तर मात्र खरेदीचा आदेश स्वीकारलाच जात नाही. पैसे असतात, खाते असते, तरीही व्यवहार होत नाही. तरीदेखील युरोपातील लाखो सामान्य गुंतवणूकदार दरमहा थोडे थोडे पैसे जागतिक निर्देशांकात गुंतवत आहेत. हा मार्ग कोणता, तो किती स्वस्त आहे आणि युरोपात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी मंडळींनी त्यात काय पाहायला हवे, याचा हा आढावा.

अमेरिकी फंडांवर युरोपात बंदी आहे का?

थेट बंदी नाही. अडचण एका कागदाची आहे. युरोपीय महासंघाचा ‘प्रिप्स’ नावाचा नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. सामान्य गुंतवणूकदाराला फंड, विमा-गुंतवणूक योजना किंवा तत्सम उत्पादन विकायचे असेल, तर त्याचे प्रमाणित स्वरूपातील तीन पानी माहितीपत्रक देणे या नियमाने बंधनकारक केले. जोखीम किती, खर्च किती, चांगल्या-वाईट परिस्थितीत काय होऊ शकते, हे त्यात ठरावीक पद्धतीने मांडावे लागते. ते संबंधित देशाने मान्य केलेल्या भाषेत असावे लागते.

अमेरिकी फंड कंपन्या त्यांच्या अमेरिकेतील फंडांसाठी असे पत्रक काढत नाहीत. पत्रकात भविष्यातील परताव्याचे अंदाज मांडण्याची पद्धत अमेरिकी नियमांशी जुळणारी नाही. शिवाय याच कंपन्यांचे युरोपसाठीचे वेगळे फंड आहेतच, त्यामुळे त्यांना हा खटाटोप करण्याची गरजही वाटत नाही. परिणाम असा, की पत्रक नाही म्हणून ब्रोकर विकत नाही आणि ब्रोकर विकत नाही म्हणून गुंतवणूकदाराला घेता येत नाही. २०१८ पूर्वी घेतलेले अमेरिकी फंड ठेवता किंवा विकता येतात, नव्याने घेता मात्र येत नाहीत.

यातून एक पळवाट आहे, पण ती श्रीमंतांसाठी. ‘व्यावसायिक गुंतवणूकदार’ असा दर्जा मिळाला, तर हा नियम लागू होत नाही. त्यासाठी तीनपैकी दोन अटी पूर्ण कराव्या लागतात : पाच लाख युरोंहून मोठी गुंतवणूक, गेल्या चार तिमाहींत प्रत्येकी सरासरी दहा मोठे व्यवहार, किंवा वित्त क्षेत्रात किमान वर्षभराचा कामाचा अनुभव. पगारदार माणसाच्या आवाक्यातील ही गोष्ट नाही.

मग पर्याय कोणता?

‘यूसिट्स’. युरोपीय समुदायाने डिसेंबर १९८५ मध्ये आणलेल्या निर्देशावर आधारित ही फंडांची चौकट आहे. एका देशात मान्यता मिळालेला यूसिट्स फंड महासंघातील इतर देशांतही विकता येतो. यालाच या क्षेत्रात ‘पासपोर्ट’ म्हणतात. फंडाची मालमत्ता स्वतंत्र संस्थेच्या ताब्यात ठेवणे, एकाच कंपनीत किती टक्के पैसे गुंतवायचे याची मर्यादा, गुंतवणूकदाराला पैसे परत काढण्याची मुभा, असे नियम या चौकटीत आहेत. सर्वसाधारण यूसिट्स फंडाला एका कंपनीच्या समभागांत १० टक्क्यांहून अधिक पैसे ठेवता येत नाहीत. निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडांना ही मर्यादा २० टक्क्यांपर्यंत शिथिल आहे.

व्हॅनगार्ड, ब्लॅकरॉकचे आयशेअर्स, स्टेट स्ट्रीट, इन्व्हेस्को या अमेरिकी कंपन्या आणि फ्रान्सची अमुंडी हे सारे याच चौकटीत आपले फंड चालवतात. त्यातील बहुतेक इंडेक्स फंड शेअर बाजारात नोंदलेले, म्हणजे ‘ईटीएफ’ असतात. युरोपात पहिले ईटीएफ एप्रिल २००० मध्ये फ्रँकफर्टच्या बाजारात आले. म्हणजे हे उत्पादन तिथे पंचवीस वर्षांचे झाले आहे. सामान्य माणसाच्या मोबाइलमध्ये ते पोहोचले ते मात्र गेल्या काही वर्षांत.

बहुतेक फंड आयर्लंडमध्येच का नोंदलेले असतात?

युरोपातील ईटीएफमधील एकूण मालमत्तेपैकी निम्म्याहून बरीच अधिक मालमत्ता आयर्लंडमध्ये नोंदलेल्या फंडांत आहे. त्याचे कारण करांत आहे. जागतिक निर्देशांकात अमेरिकी कंपन्यांचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक असतो. या कंपन्या परदेशी फंडाला लाभांश देतात, तेव्हा अमेरिका त्यावर मुळातच ३० टक्के कर कापते. आयर्लंड आणि अमेरिका यांच्यातील करारामुळे आयरिश फंडांसाठी हा दर १५ टक्क्यांवर येतो. लक्झेंबर्गमध्ये नोंदलेल्या फंडांना सामान्यतः ही सवलत मिळत नाही.

समजा, फंडातील अमेरिकी समभागांच्या दर शंभर युरोंवर वर्षाला दीड युरो लाभांश मिळाला. आयरिश फंडात त्यातून साडेबावीस सेंट कर जाईल, लक्झेंबर्गच्या फंडात ४५ सेंट. फरक साडेबावीस सेंटचा, म्हणजे ०.२२५ टक्क्यांचा. एका चांगल्या इंडेक्स फंडाचा वर्षाचा खर्चही साधारण एवढाच असतो. हा कर फंडाच्या जाहिरातीत दिसत नाही, परताव्यातून परस्पर वजा होतो. म्हणून फंड निवडताना नुसता खर्चाचा आकडा पाहून भागत नाही. फंडाचा बारा अक्षरी आंतरराष्ट्रीय क्रमांक ‘आयई’ या अक्षरांनी सुरू होत असेल तर तो आयर्लंडचा, ‘एलयू’ने होत असेल तर लक्झेंबर्गचा, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

दुसरे कारण मृत्यूनंतरच्या कराचे. अमेरिकी नागरिक नसलेल्या आणि अमेरिकेत न राहणाऱ्या व्यक्तीच्या नावावर अमेरिकी समभाग किंवा अमेरिकी फंड असतील, तर तिच्या मृत्यूनंतर ६० हजार डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर अमेरिकेचा संपदा कर लागू शकतो. त्याचा कमाल दर ४० टक्के आहे. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, ब्रिटन अशा काही देशांचे अमेरिकेशी या कराबाबत करार आहेत. भारताचा असा करार नाही. आयरिश फंडाचे युनिट ही अमेरिकेतील मालमत्ता मानली जात नाही, मग त्या फंडात सगळे अमेरिकी समभाग असले तरीही. त्यामुळे अमेरिकी फंड मिळत नाहीत ही गोष्ट वारसांच्या दृष्टीने अनेकांच्या पथ्यावरच पडते.

‘वर्ल्ड’ म्हटले की सगळे जग येते का?

नाही, आणि इथे अनेकांची फसगत होते. एमएससीआय वर्ल्ड हा युरोपात सर्वाधिक लोकप्रिय निर्देशांकांपैकी एक. त्यात २३ विकसित देशांतील मोठ्या आणि मध्यम कंपन्या आहेत. भारत, चीन, तैवान, ब्राझील त्यात नाहीत. नावात ‘वर्ल्ड’ असले तरी रिलायन्स किंवा एचडीएफसी बँक या निर्देशांकात सापडणार नाही.

उदयोन्मुख देशही हवे असतील, तर एमएससीआय ऑल कंट्री वर्ल्ड किंवा एफटीएसई ऑल-वर्ल्ड हे निर्देशांक पाहावे लागतात. पहिल्यात सुमारे अडीच हजार, तर दुसऱ्यात चार हजारांहून अधिक कंपन्या आहेत. भारताचा वाटा या निर्देशांकांत साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असतो. छोट्या कंपन्याही हव्या असतील, तर एमएससीआयचाच ‘आयएमआय’ हा आणखी विस्तृत निर्देशांक आहे.

दोन संस्थांची देशांची वर्गवारी सारखी नाही. दक्षिण कोरियाला एफटीएसई विकसित देश मानते, तर एमएससीआय उदयोन्मुख. त्यामुळे एका संस्थेचा विकसित देशांचा फंड आणि दुसऱ्या संस्थेचा उदयोन्मुख देशांचा फंड अशी जोडी केली, तर कोरिया दोनदा येतो किंवा अजिबात येत नाही. दोन फंड घ्यायचे असतील, तर दोन्ही एकाच संस्थेच्या निर्देशांकांवरचे असावेत.

प्रत्यक्षात फंड निर्देशांकातील प्रत्येक कंपनी विकत घेतोच असे नाही. अनेक फंड प्रातिनिधिक नमुना निवडतात. फंडाने निर्देशांक किती अचूक गाठला, हे पाहण्यासाठी त्याचा आणि निर्देशांकाचा गेल्या काही वर्षांचा परतावा शेजारी शेजारी ठेवावा. खर्चाच्या आकड्यापेक्षा ही तुलना अधिक बोलकी असते.

युरोपात हे फंड किती स्वस्त आहेत?

दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरेच. व्हॅनगार्डचा एफटीएसई ऑल-वर्ल्ड ईटीएफ २०१२ मध्ये आला. लाभांश फंडातच पुन्हा गुंतवणारा त्याचा प्रकार २०१९ मध्ये आला आणि तो नव्या पिढीच्या गुंतवणूकदारांत विशेष लोकप्रिय झाला. त्याचा वार्षिक खर्च बराच काळ ०.२२ टक्के होता, २०२५ मध्ये तो ०.१९ टक्क्यांवर आणला गेला. स्टेट स्ट्रीटने छोट्या कंपन्यांसह साऱ्या जगाचा फंड २०२३ मध्ये ०.४० टक्क्यांवरून थेट ०.१७ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी इन्व्हेस्कोने ०.१५ टक्के खर्चाचा ऑल-वर्ल्ड फंड बाजारात आणला. २०२४ मध्ये अमुंडीने ०.०७ टक्के खर्चाचा जागतिक फंड आणला. तो एमएससीआय किंवा एफटीएसईचा निर्देशांक वापरत नाही, सोलॅक्टिव्ह या जर्मन कंपनीचा तुलनेने स्वस्त निर्देशांक वापरतो.

अमेरिकेत व्हॅनगार्डच्या अशाच जागतिक ईटीएफचा खर्च ०.०६ टक्के आहे. म्हणजे दोन्हीकडच्या किमतींतील दरी आता जवळपास बुजली आहे. ०.१९ आणि ०.१५ टक्क्यांत डोकेफोड करण्यात अर्थ नाही, १० हजार युरोंवर तो फरक वर्षाला चार युरोंचा आहे. खरा फरक इंडेक्स फंड आणि बँकेच्या काउंटरवर मिळणारा फंड यांच्यात आहे.

एक-दीड टक्क्याने असा कितीसा फरक पडतो?

दरमहा ३०० युरो, ३० वर्षे, आणि खर्चापूर्वी सहा टक्के वार्षिक परतावा गृहीत धरू. फंडाचा खर्च ०.२ टक्के असेल, तर अखेरीस सुमारे दोन लाख ९० हजार युरो जमतात. खर्च १.८ टक्के असेल, तर सुमारे दोन लाख १६ हजार. गुंतवलेली मुद्दल दोन्हीकडे एक लाख आठ हजारच. फरक सुमारे ७४ हजार युरोंचा, म्हणजे मुद्दलाच्या दोन तृतीयांशांहून अधिक. परतावा सहा टक्के मिळेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. खर्च मात्र चांगल्या वर्षी आणि वाईट वर्षीही कापला जातो.

असे असूनही महागडे फंड आणि विम्यात गुंडाळलेल्या गुंतवणूक योजना युरोपात का विकल्या जातात? कारण त्या विकणाऱ्याला मोबदला मिळतो. बँकेचा सल्लागार ग्राहकाला फुकट सल्ला देतो आणि फंड कंपनीकडून कमिशन घेतो. इंडेक्स फंडात कमिशन द्यायला पैसेच नसतात, म्हणून तो सल्लागाराच्या यादीत सहसा नसतो. ब्रिटन आणि नेदरलँड्सने २०१३ च्या सुमारास अशा कमिशनवर बंदी आणली. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये महासंघभर बंदीचा विचार केला होता, पण सदस्य देशांच्या आणि बँकांच्या विरोधानंतर सरसकट बंदीचा मुद्दा मागे पडला. नव्या देशात भाषा न येणाऱ्या, पगार खाते उघडायला बँकेत गेलेल्या माणसाला पहिला सल्ला याच खिडकीवर मिळतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

खरेदी प्रत्यक्षात कशी होते?

तीन गोष्टी लागतात : राहत्या देशाचा कर क्रमांक, बँक खाते आणि ब्रोकरकडील खाते. बर्लिनची ट्रेड रिपब्लिक, म्युनिकची स्केलेबल कॅपिटल, नेदरलँड्समध्ये सुरू झालेली डेगिरो, आयर्लंडमधून युरोपीय ग्राहकांना सेवा देणारी इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स ही त्यातील परिचित नावे. जर्मनीत आपल्याकडील एसआयपीसारखी ‘श्पारप्लान’ नावाची पद्धत रुळली आहे. ठरलेल्या तारखेला खात्यातून पैसे जातात आणि युनिटचा अपूर्णांकही विकत घेता येतो. काही अ‍ॅपवर एका युरोपासून सुरुवात होते आणि हप्त्याला शुल्क नसते. काही पारंपरिक बँका मात्र प्रत्येक हप्त्यावर दीड टक्क्यापर्यंत शुल्क घेतात. फंड ०.१९ टक्क्यांचा आणि तो घेण्याचे शुल्क दीड टक्का, असा हा उलटा हिशेब होतो.

फुकट व्यवहारामागेही अर्थकारण आहे. काही ब्रोकर ग्राहकांचे आदेश ठरावीक बाजाराकडे वळवतात आणि त्याबद्दल पैसे घेतात. महासंघाने २०२४ मध्ये या प्रथेवर बंदी घातली. जिथे ही प्रथा आधीपासून होती, त्या जर्मनीसारख्या देशांना ३० जून २०२६ पर्यंतचीच सवलत मिळाली. त्यामुळे ब्रोकरचे आजचे शुल्कपत्रक कायमचे धरून चालू नये.

एकच फंड फ्रँकफर्टमध्ये युरोत, लंडनमध्ये पौंडात आणि डॉलरमध्ये वेगवेगळ्या चिन्हांनी विकला जातो. युरोत घेतल्याने डॉलरची जोखीम जात नाही. फंडात ६० टक्क्यांहून अधिक अमेरिकी समभाग असतील, तर डॉलर घसरला की युरोतील मूल्यही घसरणारच. आपल्या खात्याच्या चलनात घेतल्यास चलन बदलण्याचे शुल्क वाचते, एवढाच काय तो फायदा. खरेदी शक्यतो दुपारी, अमेरिकी बाजार उघडल्यानंतर करावी. त्या वेळी खरेदी-विक्रीच्या भावातील अंतर सहसा कमी असते.

फंड एकच, तरी हाती येणारा पैसा वेगळा का?

कारण यूसिट्सचा पासपोर्ट फंडाला आहे, कराला नाही. कर प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने लावतो आणि इथे सर्वाधिक तफावत पडते.

जर्मनी : भांडवली उत्पन्नावर २५ टक्के कर आणि त्यावर अधिभार मिळून २६.३७५ टक्के. समभाग फंडांच्या नफ्यातील ३० टक्के भाग करमुक्त असतो आणि वर्षाला एक हजार युरोंपर्यंतचे उत्पन्नही करमुक्त असते. लाभांश न वाटणाऱ्या फंडांवर ‘फोराबपाउशाले’ नावाचा आगाऊ कर आहे. २०२५ साठी त्याचा आधार दर २.५३ टक्के होता. वर्षाच्या सुरुवातीला १० हजार युरो असलेल्या फंडावर त्याच्या ७० टक्क्यांनी, म्हणजे १७७ युरो उत्पन्न गृहीत धरले जाते. समभाग फंडाची सूट वजा जाता १२४ युरो करपात्र ठरतात आणि कर होतो सुमारे ३३ युरो. फंडाचे मूल्य त्या वर्षी वाढलेच नसेल, तर हा कर लागत नाही. करमुक्त मर्यादेचा अर्ज ब्रोकरकडे भरलेला असेल, तर एवढ्या रकमेवर काहीच कापले जात नाही. हा अर्ज भरायचा राहून जाणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

आयर्लंड : जगभराचे फंड जिथे कर वाचवण्यासाठी नोंदले जातात, त्याच देशातील रहिवाशाला फंडावर सर्वांत जाचक कर भरावा लागतो. १ जानेवारी २०२६ पासून दर ४१ वरून ३८ टक्क्यांवर आला, तरी तो थेट समभागांवरील ३३ टक्क्यांपेक्षा अधिकच आहे. शिवाय आठ वर्षांनी फंड विकला नसला तरी विकला असे मानून नफ्यावर कर घेतला जातो. दरमहा हप्ता भरणाऱ्याच्या प्रत्येक हप्त्याची आठ वर्षे वेगळी मोजावी लागतात. एका फंडातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणून तिथे जाणकार मंडळी आधी निवृत्तिवेतन खात्यातून गुंतवणूक करतात. त्यात हा आठ वर्षांचा जाच नाही.

नेदरलँड्स : इथे प्रत्यक्ष नफ्याऐवजी गृहीत नफ्यावर कर लागतो. २०२५ साठी गुंतवणुकीवर ५.८८ टक्के परतावा मिळाला असे मानून त्यावर ३६ टक्के कर होता. ५७,६८४ युरोंपर्यंतची मालमत्ता करमुक्त होती. केवळ फंडात एक लाख युरो असलेल्या एकट्या व्यक्तीला सुमारे ८९६ युरो भरावे लागतात. प्रत्यक्ष परतावा कमी मिळाल्याचे सिद्ध केल्यास कर कमी होऊ शकतो. प्रत्यक्ष परताव्यावर कर आकारण्याची नवी पद्धत २०२८ पासून आणण्याचा सरकारचा प्रयत्न आहे.

फ्रान्स : ‘पेआ’ नावाच्या खात्यात दीड लाख युरोंपर्यंत रक्कम भरता येते आणि पाच वर्षांनंतर नफ्यावर प्राप्तिकर लागत नाही, सामाजिक अंशदान मात्र द्यावे लागते. या खात्यात युरोपीय समभागच चालतात. त्यावर फंड कंपन्यांनी तोडगा काढला. फंड प्रत्यक्षात युरोपीय समभाग बाळगतो आणि बँकेशी करार करून त्यांच्या परताव्याच्या बदल्यात एमएससीआय वर्ल्डचा परतावा घेतो. कागदावर युरोप, हाती जग.

ब्रिटन : महासंघाबाहेर पडूनही तिथे हेच आयरिश फंड विकले जातात. ‘आयसा’ खात्यात वर्षाला २० हजार पौंड भरता येतात आणि त्यातील लाभांश व नफा दोन्ही करमुक्त असतात.

ब्रोकर किंवा फंड कंपनी बुडाली तर?

फंडातील समभाग फंड कंपनीच्या मालकीचे नसतात. ते स्वतंत्र संस्थेच्या ताब्यात असतात आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तरी तिच्या देणेकऱ्यांना त्यावर हक्क सांगता येत नाही. ब्रोकरलाही ग्राहकांचे युनिट स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळे ठेवावे लागतात. त्यात गडबड होऊन युनिट सापडलेच नाहीत, तर महासंघाच्या १९९७ च्या निर्देशानुसार किमान २० हजार युरोंपर्यंत भरपाईची तरतूद आहे. बाजार पडल्याने झालेला तोटा मात्र कोणी भरून देत नाही. जागतिक समभाग फंड २००८ च्या संकटात निम्म्याच्या आसपास घसरले होते. पाच वर्षांच्या आत घर घेण्यासाठी लागणारे पैसे यात ठेवू नयेत, ते याच कारणाने.

युरोपातील भारतीयांसाठी कोणते खाचखळगे?

पहिला, भारतात सुरू राहिलेल्या एसआयपीचा. जर्मनीत करदाता झालेल्या व्यक्तीला तिचे भारतीय म्युच्युअल फंडही जर्मन विवरणपत्रात दाखवावे लागतात. आगाऊ कर त्यांनाही लागू आहे. जर्मन ब्रोकर आपल्याकडच्या फंडाचा कर आपोआप कापतो, पुण्यातील किंवा मुंबईतील फंड कंपनी ते करत नाही. हिशेब स्वतःलाच मांडावा लागतो.

दुसरा, नेदरलँड्समध्ये ‘३० टक्के’ सवलत घेणाऱ्यांचा. परदेशातून आणलेल्या कुशल कर्मचाऱ्यांना या सवलतीसोबत गुंतवणुकीवरील करातूनही सूट मिळत असे. ती २०२५ पासून बंद झाली. आधीपासून सवलत घेणाऱ्यांना २०२६ अखेरपर्यंतच मुदत आहे. त्यानंतर जगभरातील मालमत्ता, भारतातील फंडांसह, तिथल्या हिशेबात येईल.

तिसरा, ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी नागरिकत्व असलेल्यांचा. युरोपात राहताना त्यांना अमेरिकी फंड मिळत नाहीत आणि यूसिट्स फंड घेतले तर अमेरिका त्यांना परदेशी निष्क्रिय गुंतवणूक मानून जबर कर लावते. दोन्हीकडून कोंडी. अशांनी जाणकार कर सल्लागाराशिवाय एकही युनिट घेऊ नये.

चौथा, परतण्याचा. परदेशात राहत असताना कमावलेली गुंतवणूक भारतात परतल्यावरही ठेवण्याची मुभा परकीय चलन व्यवस्थापन कायदा देतो. मात्र सर्वसाधारण निवासी दर्जा मिळाल्यानंतर जगभरातील उत्पन्नावर भारतात कर लागतो आणि परदेशी मालमत्ता प्राप्तिकर विवरणपत्रातील स्वतंत्र परिशिष्टात दरवर्षी दाखवावी लागते. न दाखविल्यास काळा पैसा कायद्याखाली मोठा दंड होऊ शकतो. शिवाय राहता देश बदलला की अनेक युरोपीय ब्रोकर खाते बंद करायला सांगतात. परतायचे ठरले असेल, तर हा प्रश्न निघण्याआधी विचारलेला बरा.

पुढे काय बदलू शकते?

युरोपीय कुटुंबांचे सुमारे १० लाख कोटी युरो बँक ठेवींत पडून आहेत, असे युरोपीय आयोगाचे म्हणणे आहे. हा पैसा बाजारात यावा, यासाठी आयोगाने मार्च २०२५ मध्ये ‘बचत आणि गुंतवणूक संघा’ची योजना मांडली. सप्टेंबरमध्ये सदस्य देशांनी सोप्या कररचनेची गुंतवणूक खाती सुरू करावीत, अशी शिफारसही केली. स्वीडनमध्ये अशी खाती २०१२ पासून आहेत. तिथे नफ्याचा हिशेब ठेवावा लागत नाही आणि विवरणपत्रात तो आपोआप भरलेला येतो.

शिफारस बंधनकारक नाही, कारण कर हा सदस्य देशांचा अधिकार आहे आणि तो सोडायला कोणी तयार नाही. फंडांच्या खर्चाची लढाई युरोपीय गुंतवणूकदाराने जवळपास जिंकली आहे. तोच फंड म्युनिकमध्ये घेतला की डब्लिनमध्ये, यावर तीस वर्षांनी हाती काय उरणार हे मात्र अजूनही ठरते. म्हणून नोकरीसाठी एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्याने नव्या पगाराचा आकडा पाहताना तिथला फंडांवरचा कर आणि जुन्या ब्रोकरचे नियम हेही त्याच वेळी तपासून घ्यावेत.